प्रकल्प नोंदी: खोलीतल्या उजेडात कॅमेरा हातात धरून घेतलेले फुटेज, त्याची थरथर आणि त्याचे दाणे

४ जून

फुटेज हाती आले. सहा क्लिप, एकूण १८ मिनिटे ४० सेकंद. सगळ्या फोनवर, ३८४० × २१६० मध्ये, ८-बिट, ४:२:० (रंगाची माहिती कमी साठवणारी पद्धत), एचईव्हीसी कॉम्प्रेशन. ट्रायपॉड किंवा गिंबल कुठेच नाही, उजेड फक्त छतावरच्या दिव्यांचा.

क्लिप १: बोळातून चालत, ४:१०. क्लिप २: पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहून, ५:३०. क्लिप ३: टेबलावर चाललेले हातकाम जवळून, ३:२०. क्लिप ४: खोलीभर कॅमेरा फिरवलेला, २:१५. क्लिप ५: जिना उतरताना, १:३५. क्लिप ६: मागे उजळ खिडकी, १:५०.

शेवटी १९२० × १०८० मध्ये द्यायचे आहे, म्हणजे रुंदी-उंची दोन्हींत दुप्पट जागा शिल्लक आहे. चित्र स्थिर करताना कडा कापायला ती उपयोगी पडेलच, पण नॉइज, म्हणजे चित्रावरचे दाणे, उतरवायलाही तीच कामी येते. म्हणून आत्ताच लहान करायचे नाही. शेवटच्या पायरीपर्यंत सगळे काम पूर्ण आकारात.

५ जून

फ्रेमरेट तपासला. फाइलवर ३० लिहिलेले आहे, पण सरासरी वेगळी निघते. कमी उजेडात फोन शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि त्यासाठी फ्रेमरेट उतरवतो. क्लिप २ मध्ये ३३० सेकंदांत ८,७१२ फ्रेम आहेत, म्हणजे सेकंदाला सरासरी २६.४. एफएफएमपेग या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्हीएफआरडेट (फ्रेमरेट बदलतो का ते तपासणाऱ्या) फिल्टरनेही हेच दाखवले.

संपादनाची बहुतेक सॉफ्टवेअर अशी फाइल उघडताना परस्पर ३० करून टाकतात आणि मधल्या जागा त्याच फ्रेमच्या नकलेने भरतात. क्लिप २ मध्ये अशा ११८८ नकला भराव्या लागतील, साधारण दर सात-आठ फ्रेममागे एक. डोळ्याला ते फारसे जाणवत नाही, पण नॉइज काढण्याच्या कामात त्याने घोळ होतो. शेजारच्या फ्रेमची सरासरी घ्यायची तर त्या फ्रेममधले दाणे वेगवेगळे हवेत. नकलेत दाणेही तेच, त्यामुळे सरासरीत भर काहीच पडत नाही. उलट ‘इथे काही हलले नाही’ असे समजून फिल्टर त्या जोडीला जास्त वजन देतो आणि ठरावीक अंतराने एखादी फ्रेम खरखरीत राहते.

ठरले ते असे: मूळ फ्रेम, मूळ टाइमस्टॅम्प, वाचताना फ्रेम-मोड पासथ्रू (फ्रेम जशाच्या तशा पुढे). फ्रेमरेट ३० वर आणायचा तो सगळे संपल्यावर. मधल्या फाइली एफएफव्ही१ या तपशील न गमावणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे दर टप्प्याला कॉम्प्रेशनचे नवे नुकसान होणार नाही. डिस्क भरपूर लागते, तिला इलाज नाही.

६ जून

नॉइज मोजला. प्रत्येक क्लिपमध्ये सपाट भिंतीचा ६४ × ६४ पिक्सेलचा चौकोन निवडला, त्यातला उजेडाचा हळू उतार वजा केला आणि उरलेल्याचे प्रमाण विचलन काढले. मोजपट्टी ०–२५५ ची.

क्लिप २, उजळ भिंत: ३.१. क्लिप २, कपाटामागचा काळोखा कोपरा: ६.४. क्लिप ५ च्या जिन्याखाली याहून वाईट.

अंधारात दाणे जास्त का, हे ध्यानात ठेवले तर पुढचे आकडे ठरवणे सोपे जाते. सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशकणांची संख्या मुळातच वरखाली होत असते आणि हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. प्रकाश चौपट झाला तर सिग्नल चौपट वाढतो, नॉइज फक्त दुप्पट. उजेड घटला की हे गुणोत्तर बिघडते, आणि आयएसओ (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) वाढवला की सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच मोठे होतात. त्यातच गॅमा वक्र (उजेडाचे साठवायच्या आकड्यांत रूपांतर करणारी रेषा) काळोख्या छटा ताणून धरतो.

रंगाचा नॉइज निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त दिसला. पिवळट दिव्याचा उजेड २७०० ते ३२०० केल्व्हिनच्या आसपासचा, त्यात निळा भाग थोडाच. पांढरा पांढरा दिसावा म्हणून फोन निळ्याला जादा गेन देतो, सोबत निळ्यातले दाणेही फुगतात. ४:२:० मध्ये रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच साठवली जाते, त्यामुळे रंगाचा प्रत्येक दाणा किमान दोन बाय दोन पिक्सेलचा ठिपका होतो. फोनने स्वतः दाणे पुसण्याचा प्रयत्न केल्यावर ठिपके आणखी पसरतात. क्लिप ५ मध्ये भिंतीवर जांभळट-हिरवट डाग सरकताना दिसतात ते याच कारणाने.

आणखी एक गोष्ट फ्रेम एकेक पुढे नेताना सापडली. दर तीसाव्या फ्रेमला भिंतीचा पोत एकदम बदलतो. ती की-फ्रेम, म्हणजे पूर्णपणे नव्याने साठवलेली फ्रेम. मधल्या फ्रेममध्ये कोडेक दाणे हळूहळू पुसत नेतो, की-फ्रेमला ते ताजे होऊन परत येतात. भिंत सेकंदाला एकदा उसासा टाकल्यासारखी दिसते.

८ जून

पहिली चाचणी सरळ केली, काहीच साफ न करता. साधन विडस्टॅब, गेऑर्ग मार्टिउस यांनी लिहिलेली लायब्ररी, एफएफएमपेगमधून. तिचे काम दोन फेऱ्यांत चालते: पहिली फेरी हालचाल मोजून फाइलमध्ये लिहिते, दुसरी ती वाचून फ्रेम सरकवते आणि फिरवते.

मोजणी: शेकीनेस ८, ॲक्युरसी १५, स्टेपसाइझ ६, मिनकॉन्ट्रास्ट ०.३ (याहून कमी कॉन्ट्रास्टचा चौकोन मोजायचा नाही). दुरुस्ती: स्मूदिंग ३०, इंटरपोल (सरकवताना मधल्या पिक्सेलची किंमत काढायची रीत) बायक्युबिक.

क्लिप १ बरी आली. क्लिप ५ मूळ फुटेजपेक्षा वाईट. जिन्याच्या वळणावर चित्र बारीक-बारीक गचके देते, आणि मूळ फुटेजमध्ये त्या जागी गचके नाहीत.

मोजणीच्या फेरीत ‘शो’ २ वर ठेवून कोणत्या चौकोनांवर हालचाल मोजली जाते ते पाहिले. जिन्याखालच्या काळोख्या भिंतीवर चौकोनांची गर्दी होती आणि त्यांचे बाण चारी दिशांना होते. ज्या भिंतीवर पकडायला काहीच नाही तिथे मोजणी का व्हावी? उत्तर कॉन्ट्रास्टच्या सूत्रात आहे. चौकोनातल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद मूल्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज. उजळ भिंतीवर मूल्ये १३८ ते १५२ असली तर फरक १४, बेरीज २९०, कॉन्ट्रास्ट सुमारे ०.०५. चौकोन बाद होतो, तसेच व्हायला हवे. काळोख्या भिंतीवर दाण्यांचा पसारा तेवढाच, मूल्ये १६ ते ३०. फरक तोच १४, पण बेरीज ४६, कॉन्ट्रास्ट ०.३०. चौकोन पास! मग पुढच्या फ्रेममध्ये हेच दाणे शोधले जातात, ते अर्थातच तिथे नसतात, आणि योगायोगाने जुळेल ते हालचाल म्हणून लिहिले जाते. अंधाऱ्या जागी हे चौकोन बहुमतात आले की पूर्ण फ्रेम त्यांच्या मागे जाते.

मिनकॉन्ट्रास्ट ०.४५ केल्यावर गचके कमी झाले, पण कपाटाच्या फिकट कडाही बाद होऊ लागल्या. नुसती मर्यादा वाढवून भागणार नाही. मोजणीसाठी वेगळी, साफ केलेली प्रत लागेल.

९ जून

मोजणीची प्रत बनवली. ती फक्त मोजायला, दाखवायला नव्हे. त्यामुळे ती धूसर झाली तरी चालते, पण कडा जागेवरून हलता कामा नयेत.

म्हणूनच काळावर चालणारा, मागची फ्रेम पुढच्या फ्रेममध्ये मिसळणारा फिल्टर इथे चालत नाही. मिसळलेल्या फ्रेममध्ये मागच्या जागेची सावली राहते आणि हालचाल खऱ्यापेक्षा कमी मोजली जाते. थरथर निम्मी मोजली तर निम्मीच काढली जाईल. मोजणीच्या प्रतीला केवळ जागेवरचे धूसरीकरण: जीब्लर, सिग्मा २. काळोख्या भिंतीवरचा पसारा १४ वरून ४ च्या आत आला, कॉन्ट्रास्ट ०.१ च्या खाली गेला, चौकोन आपोआप बाद झाले. मिनकॉन्ट्रास्ट परत ०.३.

एचक्यूडीएन३डी (जागा आणि काळ दोन्हींवर नॉइज काढणारा फिल्टर) वापरायचा झाल्यास एक खाच आहे. काळाचा भाग बंद करायचा म्हणून त्याच्या जागी शून्य लिहिले, तर फिल्टर ‘हे मूल्य दिलेलेच नाही’ असे धरतो आणि पहिल्या आकड्यावरून स्वतःच हिशेब करून काळाचा भाग चालू ठेवतो. शून्याऐवजी अगदी लहान आकडा लिहावा लागतो. इथे जीब्लरच ठेवला.

मोजणीची प्रत लहान आकारात केली असती तर वेळ वाचला असता. पण हालचाल पिक्सेलमध्ये लिहिली जाते. १९२० रुंदीवर मोजलेले १२ पिक्सेल म्हणजे ३८४० वर २४, आणि दुसऱ्या फेरीला हे कळायला मार्ग नाही. दोन्ही फेऱ्या एकाच आकारात.

दोन्ही फेऱ्यांत फ्रेमही तेवढ्याच, त्याच क्रमाने हव्यात. मोजणीची फाइल फ्रेमच्या क्रमांकावर चालते. पहिली फेरी पूर्ण क्लिपवर आणि दुसरी सुरुवातीचे दोन सेकंद कापून केली, तर दर फ्रेमला भलत्याच फ्रेमची दुरुस्ती लागते आणि थरथर वाढते. क्लिप ४ ला तसेच झाले. लक्षण ओळखायला सोपे: चित्र स्वतःच्या हालचालीशी संबंध नसलेल्या तालात हलते. आता कापाकापी आधी, मग दोन्ही फेऱ्या.

११ जून

या कामातला मुख्य प्रश्न: आधी नॉइज काढायचा की आधी स्थिर करायचे?

दोन्ही बाजूंनी सयुक्तिक कारणे दिली जातात. आधी स्थिर केले तर भिंत, कपाट, टेबल फ्रेमगणिक एकाच जागी येतात आणि साधी सरासरी घेणारा फिल्टरही नीट चालतो. चार फ्रेमच्या सरासरीने नॉइज निम्मा होतो, नऊ फ्रेमच्या सरासरीने एक तृतीयांश. हे खरे आहे, पण त्यातली किंमत झाकली जाते.

क्लिप २ च्या उजळ भिंतीचा तुकडा घेतला. एक प्रत आधी स्थिर केली, इंटरपोल बायलिनियर, आणि सलग वीस फ्रेमवर नॉइज मोजला. मूळ फुटेजमध्ये वीसही फ्रेम ३.० ते ३.२ मध्ये. स्थिर केल्यावर काही फ्रेम ३.० च्या जवळ, काही १.६ च्या जवळ, बाकीच्या मध्ये कुठेतरी. भिंतीवरचे दाणे दाट-विरळ होताना नुसत्या डोळ्याला दिसतात.

कारण असे. फ्रेम सरकवायची ती पूर्ण पिक्सेलांत क्वचितच असते. बरोबर १२ पिक्सेल सरकवले तर प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा पुढे जातो, नॉइज तोच. आडवे-उभे १२.५ सरकवले तर नवा पिक्सेल चार शेजाऱ्यांची समान सरासरी, आणि चारांच्या सरासरीत नॉइज निम्मा. म्हणजे दाण्यांची तीव्रता प्रत्येक फ्रेमच्या अपूर्णांकावर ठरते. हातातल्या कॅमेऱ्यात तो अपूर्णांक दर फ्रेमला बदलतो. बायक्युबिकने फरक कमी होतो, जात नाही. वर या सरासरीने शेजारच्या पिक्सेलमधले दाणे एकमेकांशी जोडले जातात, आणि नॉइज काढणारे बहुतेक फिल्टर दाणे सुटे आहेत असे धरून चालतात. जोडलेले दाणे त्यांना पोत वाटतात. पोत समजले की ते जपले जातात.

आमचा क्रम म्हणून ठरला: मोजणी धूसर प्रतीवर, नॉइज काढणे मूळ न सरकवलेल्या फ्रेमवर, आणि सरकवणे साफ झालेल्या फ्रेमवर. मात्र नॉइज काढणारे साधन हालचाल समजून फ्रेम जुळवणारे हवे. ते नसेल, हाताशी फक्त एचक्यूडीएन३डी किंवा एटीएडीनॉइज (शेजारच्या फ्रेमची सरासरी घेणारा फिल्टर) असेल, तर आधी स्थिर करणेच भाग आहे. न जुळवलेल्या हलत्या फ्रेमवर हे दोन्ही जोरात चालवले तर कडांना शेपट्या फुटतात. एनएलमीन्स (सारखे दिसणारे तुकडे शोधून त्यांची सरासरी घेणारा फिल्टर) यात वेगळा: एफएफएमपेगमधला एकाच फ्रेममध्ये काम करतो, काळात पाहत नाही, म्हणून हालचालीचा त्याला त्रास नाही, पण सपाट भागावरचे डाग फ्रेमगणिक नाचत राहतात.

१२ जून

नॉइज काढणे. व्हेपरसिंथ या स्क्रिप्टने चालणाऱ्या साधनात एमव्हीटूल्स (हालचाल शोधून फ्रेम जुळवणारे प्लगइन), १६-बिटमध्ये.

ब्लॉक ३२ पिक्सेलचा, ओव्हरलॅप १६. १०८० च्या फुटेजला १६ आणि ८ पुरतात, पण ४के मध्ये तेवढ्या ब्लॉकमध्ये पकडण्यासारखे काही नसते आणि शोध दाण्यांवर जातो. शोधासाठी इथेही धूसर प्रत दिली, सापडलेल्या दिशा मूळ फ्रेमना लावल्या. ९ जूनच्या विडस्टॅबची गोष्टच पुन्हा: मोजायचे साफ प्रतीवर, लावायचे मूळावर.

डीग्रेन२, म्हणजे मागच्या दोन आणि पुढच्या दोन धरून पाच फ्रेम. हिशेबाने नॉइज १/√५, म्हणजे ०.४५ पट व्हायला हवा. काळोख्या कोपऱ्यात ६.४ चा २.९ अपेक्षित होता, ३.३ आला. फरक कोडेकचा: तो मागच्या फ्रेममधले ब्लॉक उचलून पुढे नेतो, म्हणून शेजारच्या फ्रेममधले दाणे पूर्ण वेगळे नसतात. डीग्रेन३ ने सात फ्रेम घेतल्यावर २.९ आला, रेंडर बराच लांबला.

थ्रेशोल्ड, थसॅड (किती फरक असेपर्यंत ब्लॉक जुळला मानायचा): ४०० वर भिंती खरखरीत राहिल्या, ८०० वर क्लिप ३ मध्ये बोटांना पारदर्शक कडा आल्या. सुई ओढणारी बोटे दोन फ्रेममध्ये इतकी सरकतात की ब्लॉक जुळत नाही, आणि सैल थ्रेशोल्ड न जुळलेल्यालाही मिसळतो. क्लिप ३ ला ४५०, बाकीच्यांना ६००. रंगासाठी वेगळा थसॅडसी, सगळीकडे ९००. रंग थोडा पसरला तरी डोळा खपवून घेतो, कारण तपशील डोळा उजेडातून वाचतो, रंगातून नाही. डाग मात्र लगेच खटकतात.

क्लिप ५ चे मोठे डाग यानेही गेले नाहीत. फक्त रंगाच्या दोन चॅनेलवर, निम्म्या आकारात उतरवून, एनएलमीन्सचा एक हात दिला आणि परत मूळ आकारात आणले. डाग लहान झाल्यावर फिल्टरच्या तुकड्यात मावतात, मोठे असताना मावत नाहीत. उजेडाच्या चॅनेलला हात लावला नाही.

की-फ्रेमचा उसासा पाच फ्रेमच्या सरासरीत बहुतेक विरला.

१४ जून

क्लिप ३ मध्ये आडवे फिकट पट्टे वर सरकताना दिसतात. दिव्याचा झगमगाट आहे. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, ६० हर्ट्झवर १२० वेळा. ही क्लिप ५० हर्ट्झच्या उजेडात १/६० शटरने घेतलेली आहे. १/६० सेकंदात दिव्याची १.६७ आवर्तने बसतात, पूर्णांक नाही, त्यामुळे सेन्सरच्या वेगवेगळ्या ओळींना कमी-जास्त उजेड मिळतो. १/५० किंवा १/१०० असते तर पट्टे आलेच नसते.

डीफ्लिकर फिल्टर लावून पाहिला, फरक शून्य. तो पूर्ण फ्रेमचा सरासरी उजेड समतल करतो आणि इथे फ्रेमची सरासरी बिघडलेलीच नाही. बिघाड ओळी-ओळींत आहे.

मार्ग आकड्यांतच सापडला. या क्लिपचा फ्रेमरेट भरपूर उजेडामुळे ३० वर टिकून आहे. एका फ्रेमच्या काळात दिव्याची ३.३३ आवर्तने, तीन फ्रेममध्ये बरोबर १०. म्हणजे पट्ट्यांची नक्षी दर तीन फ्रेमला तीच येते, आणि जुळवलेल्या तीन फ्रेमच्या सरासरीत ती पुसली जाते. म्हणून क्लिप ३ ला डीग्रेन२ ऐवजी आधी डीग्रेन१, मागची एक, पुढची एक, थसॅड ७००, कारण पट्ट्यांमुळेच ब्लॉकमधला फरक वाढलेला असतो. डीग्रेन फ्रेमना समान वजन देत नाही, त्यामुळे पट्टे पूर्ण गेले नाहीत, पण पाहणाऱ्याला सांगितल्याशिवाय दिसणार नाहीत इतके उतरले. बोटांवर मास्क ठेवून तिथे मूळ फ्रेम राहू दिली.

हे स्थिर करण्याआधीच व्हायला हवे होते आणि तसेच झाले. पट्टे सेन्सरच्या ओळींना बांधलेले असतात. चित्र स्थिर केले की तेच पट्टे चित्रावर थरथरू लागतात आणि नक्षीचा हिशेब मोडतो.

१५ जून

स्थिर करणे, साफ फ्रेमवर. सगळ्या क्लिपना एकच स्मूदिंग देणे चूक आहे, कारण हलण्याची कारणे वेगळी आहेत.

हाताची बारीक थरथर सेकंदाला ८ ते १२ वेळा. चालताना वर-खाली हेलकावा सेकंदाला सुमारे दोनदा, डावी-उजवीकडे सुमारे एकदा. उभ्या माणसाचा झोल याहूनही सावकाश. स्मूदिंगचा आकडा म्हणजे दोन्ही बाजूंच्या फ्रेम: १० दिले तर खिडकी २१ फ्रेमची, ३० दिले तर ६१ फ्रेमची, म्हणजे ३० च्या वेगाने दोन सेकंद. चालण्याचा एकेक हेलकावा एक सेकंदाचा असेल तर खिडकीत तसे दोन तरी मावले पाहिजेत.

क्लिप १: ३०. क्लिप २: ४५. क्लिप ३: २०. क्लिप ४: १२, खाली पाहा. क्लिप ५: ३०. क्लिप ६: ४५.

क्लिप २ ला ट्रायपॉड मोड लावून पाहिला, एका फ्रेमला धरून बाकी सगळ्या तिच्यावर बसवायच्या. पहिली दोन मिनिटे सुरेख. पुढे चित्रीकरण करणाऱ्याने पाय बदलला आहे, कॅमेरा वीतभर बाजूला गेला आहे, आणि तिथून पुस्तकांच्या कडा मागच्या भिंतीच्या तुलनेत सरकलेल्या दिसतात. जागा बदलली की जवळच्या आणि लांबच्या वस्तू सारख्या सरकत नाहीत, सपाट चित्र कितीही फिरवले तरी ते जुळत नाही. ट्रायपॉड मोड काढला.

क्लिप ४ मध्ये कॅमेरा मुद्दाम फिरवलेला आहे. मोठ्या स्मूदिंगला हे फिरवणे म्हणजेच थरथर वाटते. फिरवणे सुरू होण्याआधीच चित्र सरकू लागते आणि थांबल्यावरही पुढे जाते, काळ्या कडा आत येतात. १२ वर थांबलो. थोडी थरथर राहिली, पण फिरवणे जिथे सुरू व्हायचे तिथेच होते.

क्लिप १ मध्ये बोळातल्या खुर्चीचे पाय, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जाताना, डुलतात. क्लिपभर दुरुस्ती योग्य असूनही तेवढ्या तीन सेकंदांत मोजणीचे बहुमत खुर्चीकडे गेले. मोजणीच्या प्रतीत खुर्चीवर सपाट राखाडी चौकोन ठेवून ती फेरी पुन्हा केली. मोजायला तिथे काहीच उरले नाही, बहुमत भिंतीकडे आले, डुलणे थांबले.

१६ जून

दोन गोष्टी दुरुस्त होत नाहीत, त्या लिहून ठेवतो.

पहिली, हलण्यामुळे आलेला धूसरपणा. १/३० शटर असताना फ्रेम २४ पिक्सेल हलली असेल तर कडा जवळजवळ २४ पिक्सेल पसरलेली असते, १/१२० ला फक्त ६. स्थिर केल्यावर हलणे जाते, पसरलेली कडा तशीच राहते. पाय टेकला त्या क्षणी चित्र जागचे हलत नाही, पण एकदम धूसर होते आणि परत तीक्ष्ण. जिन्याच्या क्लिपमध्ये हे फारच खटकते, कारण धूसर होण्याचे कारण डोळ्यासमोरून काढून टाकलेले आहे. क्लिप ५ चे स्मूदिंग ३० वरून १४ वर आणले. थोडा हेलकावा ठेवला की धूसर फ्रेम त्या हेलकाव्याचा भाग वाटतात. धूसरपणा उलटा फिरवणारे फिल्टर इतक्या नॉइजच्या फुटेजवर लावू नयेत, दाणे किडे होऊन परत येतात.

दुसरी, रोलिंग शटरची जेली. सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो, त्या वेळात कॅमेरा हलला की दरवाज्याच्या उभ्या चौकटी तिरक्या होतात. पूर्ण फ्रेमला एकच सरकवणे-फिरवणे लावणारी पद्धत ही ओळीगणिक चूक भरून काढू शकत नाही. कॅमेऱ्याच्या जायरोची (फिरणे मोजणाऱ्या सेन्सरची) नोंद सोबत असती तर जायरोफ्लो हे मुक्त सॉफ्टवेअर ओळीनिहाय दुरुस्ती करू शकते, आणि काळोख्या भिंतीची अडचणही राहत नाही, कारण तिथे हालचाल चित्रातून मोजावीच लागत नाही. या फाइलींमध्ये जायरोची नोंद नाही.

१८ जून

कडा आणि आकार. आधी काठ काळे ठेवून पूर्ण क्लिप पाहिली, कुठे किती आत येतात ते मोजले. क्लिप १ ला कमाल ७ टक्के, क्लिप २ ला ४, क्लिप ५ ला ६. ऑप्टझूम १ ठेवला, म्हणजे क्लिपभर एकच झूम. २ वर झूम गरजेप्रमाणे बदलत राहतो आणि कपाट श्वास घेतल्यासारखे मागे-पुढे होते. खोलीत सरळ रेषा भरपूर असल्याने ते फार लवकर दिसते.

एक अडचण: विडस्टॅब ८-बिट फ्रेमच घेते. १६-बिटमध्ये साफ केलेली भिंत ८-बिटमध्ये आणली की उजेडाच्या उतारावर पायऱ्या दिसतात. दाणे होते तोवर ते या पायऱ्या झाकत होते. उतरवताना झेडस्केल फिल्टरमध्ये एरर डिफ्यूजन डिदर (पायऱ्या मोडण्यासाठी चूक शेजारच्या पिक्सेलांत विखुरणे) लावला आणि स्थिर केल्यानंतर ३८४० वरून १९२० वर येताना आउटपुट १०-बिट ठेवले. चार ८-बिट पिक्सेलांच्या बेरजेत १०-बिटइतके टप्पे बसतात, त्यामुळे डिदरने विखुरलेला उतार बऱ्याच अंशी परत मिळाला. आधीच १०८० वर आणले असते तर ही सोय गेली असती.

आकार निम्मा केल्यावर काळोख्या कोपऱ्यातला नॉइज ३.३ वरून २.१. चार पिक्सेलांच्या सरासरीने तो १.६५ व्हायला हवा होता, पण फोनने आधीच दाणे पसरवलेले असल्याने पूर्ण लाभ मिळत नाही.

१९ जून

आवाज. हायपास ८० हर्ट्झ, हाताच्या घासण्याची गडगड गेली. अफ्टडीएन (आवाजातला नॉइज काढणारा फिल्टर), नॉइज रिडक्शन १० डीबी. अधिक दिले की बोलण्याच्या शेवटी पाण्याखालचा आवाज येतो. मूळ टाइमस्टॅम्प जपल्यामुळे ओठ आणि आवाज जुळलेले आहेत, क्लिप २ च्या शेवटच्या मिनिटाला मुद्दाम तपासले.

२० जून

शेवटची फेरी. अनशार्प (कडा तीक्ष्ण करणारा फिल्टर) ५:५, लुमा (उजेडाचा चॅनेल) ०.५, रंगाला शून्य. त्यानंतर बारीक दाणे पुन्हा घातले: नॉइज फिल्टर, तीव्रता ४, काळाप्रमाणे बदलणारे. पूर्ण साफ केलेली भिंत मेणाची दिसते, चेहरे आणखीच. एकसारखा, फ्रेमगणिक बदलणारा बारीक दाणा डोळा विसरून जातो. रेंगाळणारे डाग आणि पायऱ्या विसरत नाही.

फ्रेमरेट आता ३० केला. एक्स२६५ एन्कोडर, १०-बिट, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८. पहिल्या प्रतीत एन्कोडरने घातलेले दाणेच पुसून भिंतीवर पुन्हा ठोकळे आणले. ट्यून ग्रेन (दाणे जपणारी मांडणी) लावल्यावर ठोकळे गेले, फाइल मोठी झाली, ते मान्य.

२१ जून

तपासणी: मोठ्या पडद्यावर, खोली अंधारी करून, प्रत्येक क्लिप एकदा मूळ वेगाने आणि एकदा फ्रेमगणिक. क्लिप ३ मध्ये १:४२ ला डाव्या अंगठ्याभोवती सावली दिसली, मास्क दोन फ्रेम उशिरा सुरू होत होता, सरकवला. क्लिप ६ मध्ये खिडकीच्या चौकटीभोवती अनशार्पची पांढरी रेघ, तिथे लुमा ०.२५ केला. बाकी चार क्लिप मंजूर.

क्लिप ५ मंजूर असली तरी तिचा धूसरपणा जात नाही, म्हणून जिना पुन्हा घ्यायचा ठरला. चित्रीकरणासाठी लिहून दिलेले: फ्रेमरेट ३० वर लॉक, ऑटो कमी-उजेड फ्रेमरेट बंद. शटर १/१००, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक. जिन्याखाली एक जादा दिवा छताकडे तोंड करून, म्हणजे तो चौकटीत न येता आयएसओ एक स्टॉप तरी खाली येईल. फोन दोन्ही हातांत, कोपर बरगड्यांना टेकलेले, पाऊल टाचेकडून हळू टेकवायचे. फोनचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद, लेन्सचे ऑप्टिकलही बंद, नाहीतर जायरोची नोंद चित्राशी जुळत नाही. जायरोची नोंद करणारे कॅमेरा ॲप वापरायचे आणि ती फाइल व्हिडिओच्या नावानेच जतन करायची. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर, कॅमेरा न हलवता, भिंतीचे तीन सेकंद.